धुतलेला पंप

आमच्या घरात शिरायचं तर मामाला आधी हात दाखवावे लागत. भविष्य बघायला नव्हे, वास घ्यायला. तो दारात उभा राहून दोन्ही तळहात पुढे करायचा, आई वाकून हुंगायची आणि निकाल द्यायची. "येतोय. जा, धुऊन ये." मग हा चांगला बापई गडी मागच्या नळावर जाऊन कोपरापर्यंत साबण घासून परत यायचा आणि शाळेतल्या पोरासारखा पुन्हा तळहात पुढे करायचा. पास झाला की चहा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच मामांना असं हुंगून आत घेतात.

मामा भाड्याने फवारणी करायचा. आमच्या भागात पपईच्या बागा, बांधाला बांध लागून, आणि प्रत्येक बागेत कधी ना कधी मामाच्या पाठीवरचा पंप फिरलेला. गाव त्याला 'नोझल' म्हणायचं. खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. कामाला मात्र पक्का होता. चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघायचा, वाऱ्याकडे पाठ करायचा आणि मगच पंपाचा दांडा हलवायचा. "औषध पानाच्या पोटाला लागलं पाहिजे," म्हणायचा, "पाठीला लावून काय शोभा?" इतरांच्या खिशात पेन असतं, याच्या खिशात कायम एक जुना टूथब्रश. नोझल तुंबलं की त्याने साफ करायला.

त्या टूथब्रशालाही इतिहास होता. मामा तरणा होता तेव्हा बाकीच्यांसारखा तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायचा. एकदा फुंकलं आणि बांधावरच आडवा झाला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आई तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती. तिने त्याला दवाखान्यात नेलं, उशाशी बसून राहिली, आणि तो शुद्धीवर आल्यावर मायेचा एक शब्द न बोलता म्हणाली, "यापुढे पंपातला थेंब जरी तोंडाला लागला, तर बहीण मेली असं समज." आमच्या आईचं प्रेम हे असं, दगड मारल्यासारखं यायचं. पण मामाने शब्द पाळला. आणि हात हुंगणं तेव्हापासून सुरू झालं.

मग तो किडा आला.

तो आमचा नव्हता. कुठून आला कोण जाणे. कुणी म्हणे बाहेरून आणलेल्या रोपांबरोबर, कुणी म्हणे रिकाम्या क्रेटमधून. शेवटी सगळ्यांनी मिळून टेम्पोवाल्यावर खापर फोडलं, कारण गावाबाहेर सर्वांत जास्त तोच जायचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा आईला वाटलं, पानांवर कुणी पीठ सांडलं. जवळ जाऊन बघते तर पीठ चालत होतं. पिठ्या ढेकूण. इवलासा किडा, अंगावर मेणचट पांढरं पांघरूण, झाडाचा रस पितो आणि मागून गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, उचलून या झाडावरून त्या झाडावर नेऊन ठेवतात. चिकट्यावर काळी बुरशी चढते, पानं गळतात आणि फळ हातात धरवत नाही. मी गावच्या माल भरायच्या शेडमध्ये फळं निवडून कागदात गुंडाळायचं काम करायची. रोज निम्मा माल बाजूला काढायचा आणि ज्यांचा माल त्यांच्याच शिव्या खायच्या.

गावाने अर्थातच नोझलला बोलावलं. मामाने औषध मारलं. ते त्या मेणावरून अळवावरच्या पाण्यासारखं घरंगळून गेलं. त्याने जास्त कडक मारलं. मग दोन औषधं एकत्र करून मारलं. किडा वाढतच गेला. जितकी फवारणी, तितकं पांढरं. आयुष्यात पहिल्यांदा मामाचा हात हरला होता. तो आमच्याकडे यायचा, हात हुंगवून पास व्हायचा आणि चहाच्या कपात बघत बसायचा.

तेव्हा संशोधन केंद्रातून एक बाई आल्या. त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना बसवलं, एक पान भिंगाखाली धरलं आणि आधी मामाला बोलावलं. "पांघरुणाखालच्या या किड्याला तुमचं औषध लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण याला खाणारे जे जीव आहेत, ते पहिल्याच फवाऱ्यात मरतात. चोर शाबूत, पहारेकरी गारद." मामा खूप वेळ भिंगातून बघत राहिला. लाज वाटली की माणूस उगीच जास्त वेळ बघत राहतो.

बाईंचा उपाय एक नव्हता, पाच-सहा होते आणि सगळे एकत्र करायचे होते. किडलेली पानं-फळं तोडून खड्ड्यात गाडायची. बांधावरचं गवत काढायचं, कारण किडा तिथेही लपतो. मुंग्या वर चढू नयेत म्हणून खोडाला ग्रीसचा पट्टा ओढायचा. नळीने पाण्याचा जोर मारून किडा पाडायचा. आणि शेवटी बाईंनी बाटल्यांतून आणलेल्या बारीक माश्या सोडायच्या. चिलटापेक्षा लहान, माणसाला न चावणाऱ्या. ती माशी पिठ्याच्या पोटात अंडं घालते, आतलं पिल्लू त्याला पोखरून खातं आणि मागे तपकिरी, भोक पडलेलं टरफल उरतं. गावाने लगेच बारसं करून टाकलं, 'बाईंची चिलटं'.

"पण कुणीही औषध मारायचं नाही," बाई म्हणाल्या. "एकानेही नाही. वाऱ्याला बांध कळत नाही. एकाने मारलं तर सगळ्यांची चिलटं मरतील."

गाव ऐकायला तयार झालं, पण गावाचा गावावर विश्वास नव्हता. शेवटी ठरलं, सगळ्यांनी आपापले पंप शेडच्या मागच्या खोलीत आणून टांगायचे आणि कुलूप लावायचं. किल्ली कुणाकडे? बाईंनी मामाकडे बोट दाखवलं. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" टेम्पोवाला ओरडला आणि सगळे हसले. मामाही हसला. पण त्याने किल्ली सुतळीत ओवली, गळ्यात घातली आणि आंघोळीलाही काढली नाही. स्वतःचा धंदा स्वतःच कुलपात घालून तो दिवसभर ग्रीसचा डबा घेऊन लोकांच्या झाडांना पट्टे ओढत फिरू लागला. त्याचा पंप नसलेला खांदा बघून लोक दबून राहिले. नोझल मारत नाही म्हणजे कुणीच मारायचं नाही, असा तो हिशोब होता.

अडलं ते आमच्या बागेत.

आमची बाग सर्वांत खालच्या अंगाला. बाबा गेल्यानंतर आईने एकटीने लावलेली, एकेक रोप बादलीने पाणी घालून जगवलेलं. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि यायला नकोही होतं. वरच्या बागांमधला किडा वाऱ्याबरोबर आमच्याच कुंपणाला येऊन थांबायचा. नळाला जोर नव्हता, पाणी शेंड्यापर्यंत पोचायचं नाही. चिलटं वरच्या बागांत कामाला लागली होती, टरफलं दिसायला लागली होती. आमच्याकडे मात्र नुसतं पांढरं.

"काढ तो पंप," आई एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मामाला म्हणाली. "किल्ली गळ्यातच आहे ना?"

"ताई, थोडं थांब. वरच्या बागांत फरक पडलाय. चिलटं खाली येतीलच."

"पाहुण्यांसारखी सावकाश येतील, आणि तोवर मी त्यांच्यासाठी झाडं राखून ठेवू? शेंडे वाळायला लागले माझे."

"सगळ्यांनी शब्द दिलाय."

"सगळ्यांची बाग वर आहे. माझी खाली आहे." आईने चहाचं पातेलं आदळलं. "राहू दे. तू नको मारूस. उद्या बाजारातून पंप आणते, मी मारते. मला दम लागला तर ही उचलेल." ही म्हणजे मी.

मामाचा चेहरा उतरला. आईला दम्याचा त्रास होता, धूळ उडाली तरी तिची छाती भरून यायची. आणि ती बोललेलं करणारी बाई होती. धमकी देणं तिला जमतच नसे, ती सरळ कार्यक्रम सांगायची. मामा कप तसाच ठेवून निघून गेला.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. त्याने विचार केला, पाणी मारायला बाईंची परवानगी आहेच. नळीचं पाणी शेंड्याला पोचत नाही, पंपाचं पोचेल. ताईला पाणी म्हणून सांगितलं तर ती हातातलं फेकून मारेल, तेव्हा औषध म्हणून सांगायचं. किडा थोडा तरी पडेल, ताई चार दिवस गप्प बसेल, तोवर चिलटं येतील. कुणाचं काही बिघडत नाही. त्याने पहाटे कुलूप उघडलं, आपला पंप काढला, साबणाने धुतला, पुन्हा धुतला, नळीतून फेस यायचा थांबेपर्यंत पाणी सोडलं. मग आईसारखं नाक लावून हुंगलं. काही वास आला नाही. येणार कसा? जन्म त्या वासात गेला, त्याच्या नाकाने तो वास ओळखणं केव्हाच सोडलं होतं.

आम्ही उठलो तर बागेत पंपाचा ओळखीचा आवाज. आई धावतच दारात गेली. मामा शेंड्यांवर फवारा मारत होता आणि पांढरे गठ्ठे खाली पडत होते. पानं किती दिवसांनी हिरवी दिसली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं आणि चहा टाकला.

"कुठलं औषध रे?" तिने विचारलं.

"नवीन आहे," मामा म्हणाला आणि दारात उभा राहून हात पुढे केले.

आईने हुंगलं. "येतोय. धुऊन ये."

मामा गालातल्या गालात हसला. पाणी मारलेल्या हातांना कसला वास, ताईला औषध म्हटलं की वासही येतो, असं त्याला वाटलं असणार. तो निमूटपणे नळावर गेला.

पण वरच्या रस्त्याने माल भरायला निघालेल्या टेम्पोवाल्याने पंप पाठीवर घेतलेला मामा बघितला होता. दुपारपर्यंत अख्खं गाव शेडमध्ये. मी गुंडाळत होते ते फळ हातातच राहिलं. मामाला बोलावून आणलं, पंपासकट. मागोमाग आईही आली, भांडायच्याच तयारीने.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" टेम्पोवाला म्हणाला. "आम्ही डोळ्यांदेखत बागा जाऊ देतोय, आणि हा पहाटे चोरून बहिणीच्या बागेत औषध मारतो! उघडा खोली. आपापले पंप घ्या."

"पाणी होतं," मामा म्हणाला.

कुणीतरी हसलं.

"साधं पाणी होतं. पंप धुऊन घेतला होता. ताईला मी खोटं सांगितलं." हे शेवटचं वाक्य त्याने जमिनीकडे बघून म्हटलं.

मी आईकडे बघितलं. भांडायला आलेली आई एकदम म्हातारी दिसली. "पाणी?" ती म्हणाली. "मला येडी समजलास?" आणि ती मागे सरून भिंतीला टेकली. एवढ्या माणसांत तिला असं कुणी उघडं पाडलं नव्हतं, आणि पाडलं ते कुणी, तर ज्याला तिने मरणाच्या दारातून आणलं त्याने.

टेम्पोवाला काही वाईट माणूस नाही. त्याचीही बाग होती, त्यालाही पोरंबाळं होती. तो मामासमोर येऊन म्हणाला, "नोझल, पाणीच असेल तर पिऊन दाखव. तू प्यालास तर माझा पंप वर्षभर इथेच टांगलेला राहील. सगळ्यांचा राहील. काय रे?" लोकांनी माना हलवल्या. चिलटं मारायची कुणाचीच इच्छा नव्हती, त्यांना फक्त विश्वास ठेवायला काहीतरी हवं होतं.

पंपात तळाला थोडं उरलं होतं. मामाने झाकण काढलं आणि शेडमधल्या चहाच्या ग्लासात ते ओतलं. स्वच्छ, नितळ पाणी. त्याने ग्लास उचलला. आमच्या सगळ्यांच्या बागा त्या एका घोटावर आल्या होत्या, आणि तो घोट घ्यायला तो तयार होता. त्याची खात्री होती ना.

ग्लास ओठांशी गेला आणि आई किंचाळली, "नको! पिऊ नकोस! सकाळी हातांना वास येत होता तुझ्या!"

मामाने ग्लास खाली घेतला. नाकाशी नेला, हुंगला आणि काहीच न कळून इकडेतिकडे बघितलं. मग त्याने तो माझ्यासमोर धरला. "तू बघ गं."

मी हुंगलं. पुसट होता, पण होता. लहानपणापासून दारात उभा असलेला तो वास. मला रडू यायला लागलं. मला खोटं बोलता आलं असतं, पण मी खोटं बोलले असते तर तो प्याला असता.

"येतोय, मामा," मी म्हटलं.

त्याने गळ्यातली सुतळी काढली आणि किल्ली ग्लासाशेजारी टेबलावर ठेवली. आईने त्याला वाचवलं होतं आणि त्याच शब्दांनी बुडवलंही होतं. त्या संध्याकाळी सगळ्या बागांतून पंपांचा आवाज येत होता. फक्त आमच्या बागेत नव्हता. आईने पंप विकत आणला नाही, कुणाला मारूही दिला नाही.

बाई आल्या तेव्हा त्यांनी कुणाला दोष दिला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी आमच्या झाडांची पानं भिंगाखाली धरली. पानावर बारीक काळे ठिपके पडले होते. चिलटं आमच्या बागेत पोचली होती म्हणजे. पोचून मेली होती. "नळीच्या रबरात औषध मुरतं," बाई म्हणाल्या, "धुऊन जात नाही. या जिवाला तेवढंही पुष्कळ. पण ही तुमच्या पंपाने मेली की शेजाऱ्यांच्या, ते आता सांगता येणार नाही." मामाने मात्र सगळी आपल्याच नावावर घेतली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. औषध मारूनही किडा पुन्हा वाढला, आणि या वेळी त्याला खायला कुणी उरलं नव्हतं.

पावसाआधी आमची बाग तोडावी लागली. खड्डा मामाने खणला, झाडं त्यानेच तोडली आणि एकट्याने ओढून पुरली. आई खिडकीतून बघत होती. दुपारी तिने चहा केला आणि कप बाहेर पायरीवर नेऊन ठेवला, वाटसरूला ठेवतात तसा. हात दाखव म्हणाली नाही. मामाने पायरीवर बसून चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि गेला. पुढे तो येत राहिला आणि कप पायरीवरच मिळत राहिला. आई माझ्या शेजारी शेडमध्ये दुसऱ्यांची फळं कागदात गुंडाळायला बसू लागली. तिचे हात भराभर चालायचे, पण फळाकडे ती बघत नसे.

मामाने पंप मोडीतही दिला नाही, खड्ड्यात झाडांबरोबर पुरला. कामाचे कपडे जाळले. आता तो पाण्याची बादली, तांब्या आणि ग्रीसचा डबा घेऊन रोजावर जायचा. बाईंनी नव्या हंगामात पुन्हा चिलटं आणली, पंप पुन्हा मागच्या खोलीत टांगले गेले, किल्ली टेम्पोवाल्याच्या गळ्यात आली. "नोझल, तूच ठेव बाबा," तो एकदा ओशाळून म्हणाला. मामाने मान हलवली आणि बादली उचलून चालू लागला.

त्या हंगामाच्या शेवटी एक दिवस मामा आला तो हातात पपईचं पान घेऊन. आमच्या रिकाम्या रानाच्या कुंपणाला आपोआप उगवलेल्या एका रोपाचं पान. त्याने ते पायरीवर ठेवलं. त्यावर पिठ्या होता, पण निम्म्याहून जास्त नुसती तपकिरी टरफलं, प्रत्येकाला सुईच्या टोकाएवढं भोक. चिलटं खाली पोचली होती. उशिरा का होईना, पाहुण्यांसारखी सावकाश.

आई दारात आली. पानाकडे बघितलं. मग म्हणाली, "हात."

मामाला आधी कळलंच नाही. मग त्याने दोन्ही तळहात पुढे केले. आई वाकली आणि हुंगत राहिली. मी तिच्या खांद्याशीच उभी होते. मला ग्रीसचा आणि मातीचा वास आला, दुसरा कसलाही नाही. येणार तरी कुठून, पंपाला हात लावून त्याला वर्ष होत आलं होतं.

"येतोय अजून," आई म्हणाली. "जा, धुऊन ये. चहा आत ठेवते."

मामा मागच्या नळावर गेला, आणि साबण घासल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.